सास्तूरचे नवे गावठाण आणि मोजणीचा न्याय

(मंडळाच्या सास्तूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंपाने सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या दुःखाविषयी आपणांस नव्याने काय सांगावयाचे? मी बोलणार आहे ते त्यानंतरच्या पुनर्वसनाविषयी, आणि तेही त्यातील एका मापाविषयी.

शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने बावन्न गावे नव्या जागी वसविली. सास्तूर त्यांपैकीच एक. घर केवढे द्यावयाचे, हे जमिनीवरून ठरले. भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंतच्या धारकास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५०. या नियमात जातीचा उल्लेख कोठेही नाही, आणि तो करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात दुजाभाव होता असेही मी म्हणत नाही. ज्याच्या घरी बैलजोडी व धान्याच्या कणगी, त्यास जागा अधिक लागते, हा विचार अगदीच निराधार नव्हता. परंतु मराठवाड्यात जमीन कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे निजामी अमलाच्याही आधीपासून जातीने ठरविलेले आहे. तेव्हा जमीन मोजणाऱ्याने न कळत जातच मोजली. गावकुसाबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेली बहुतेक कुटुंबे अडीचशे फुटांच्या रकान्यात जाऊन बसली, आणि जेथे एका मापाची घरे एकाच ओळीत बांधली गेली तेथे जुना वाडा नव्या नकाशावर सरळ रेषेत उतरला.

दैवाचा खेळ असा की, त्या पहाटे जाड दगडमातीच्या माळवदी घरांनी घात केला आणि कुडाच्या हलक्या खोपटांनी अनेक जीव वाचविले. ज्यांची खोपटे तरली त्यांनाही नवे घर मिळाले हे खरे, पण सर्वांत लहान. केरसुण्या बांधणाऱ्यास, चामडे कमावणाऱ्यास, दोर वळणाऱ्यास घराइतकीच अंगणाची गरज असते. तिचा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता. गायरानाचा तुकडा वर्षानुवर्षे कसूनही ज्याचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही, त्याची जमीन तरी कोणत्या रकान्यात धरावयाची? १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्येच झाला होता. निर्णय आणि उतारा यांतील अंतर किती, हे आपल्यापैकी ज्यांनी तलाठ्याची कचेरी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको.

हे दुखणे केवळ आपलेच नाही. अमेरिकेत वर्णभेदाची तीच कथा आहे. तेथे २० जानेवारी २०२१ रोजी अध्यक्षांनी आदेश काढून केंद्रीय खात्यांना सांगितले की, आपल्या योजनांचा लाभ कृष्णवर्णीयांसह सर्व वंचितांपर्यंत पोहोचतो की नाही ते तपासा. बरोबर चार वर्षांनी, २० जानेवारी २०२५ रोजी, नव्या अध्यक्षांनी तो आदेश रद्द केला. आदेशाने आलेला न्याय आदेशाने जातो. आपल्या शेजारच्या कर्नाटकाने मात्र २०१३ मध्ये अनुसूचित जाती व जमातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात विकासनिधी राखण्यासाठी कायदाच केला. कायदाही मोडला जातो, नाही असे नाही. पण तो मोडणाऱ्यास जाब विचारता येतो.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरविले. निर्णय चांगलाच. मात्र पाटी बदलल्याने नळ जवळ येत नाही आणि अडीचशे फुटांचे चारशे होत नाहीत.

जातीच्या मंडळाने हा विषय का घ्यावा, असे काही वडीलधाऱ्यांनी मला कालच विचारले. जमिनीच्या मापाने कोणाला किती मिळाले हे प्रत्येक घर जाणते. परंतु संपूर्ण गावाचा हिशेब मांडावयाचा तर एकेका घराची माहिती गोळा करावी लागते, आणि असे काम करण्याची सवय मंडळास आहे. शिष्यवृत्तीसाठी आपण दरवर्षी घरोघरची यादी करतोच. यंदा त्याच यादीत आणखी तीन रकाने असावेत, अशी माझी सूचना आहे: मिळालेले घर किती चौरस फुटांचे, आज त्यात माणसे किती, आणि जागेचा उतारा कोणाच्या नावे. शेजारच्या वस्तीतील घरेही, ती आपल्या ज्ञातीची नसली तरी, त्यात घ्यावीत. यादी तयार होताच तिची एक प्रत ग्रामसभेपुढे व एक जिल्हा नियोजन समितीकडे द्यावी. या कामास चार तरुण आणि दोन भगिनी पुरेत. नावे कार्यवाहांकडे आजच नोंदवावीत.