फिरत्या घरातला उन्हाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



गेल्या मे महिन्यात आमच्या घरच्या माणसांनी आठ दिवस एका फिरत्या घरात काढले. ही बातमी गावभर झाल्यापासून मंडईत, देवळात, जिथे भेटाल तिथे मला एकच प्रश्न विचारला जातो, “आम्हीही जावे म्हणतो, पण कुठे जावे हो?” एकेकीला उत्तर देण्यापेक्षा सर्वांना एकदाच सांगा, अशी कार्यवाह बाईंची आज्ञा झाली. तेव्हा मी प्रवासवर्णन सांगणार नाही. जागा कशी निवडावी, एवढ्याच विषयावर चार शब्द बोलणार आहे.

फिरते घर म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगते. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या गाडीत बिछाने, शेगडी, लहानशी मोरी, संडास आणि पाण्याची टाकी बसविली की तिला कॅराव्हॅन म्हणतात. अमेरिकेत अशा गाड्या फार. तिकडची कित्येक निवृत्त जोडपी हिवाळा दक्षिणेस आणि उन्हाळा उत्तरेस काढतात. आपल्या राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. केरळनेही त्याच वर्षी तसे केले, आणि २०२२ साली वागमोणच्या डोंगरात अशा गाड्यांसाठी तेथील पहिला तळ उघडला. आता पुण्या-मुंबईकडे या गाड्या चालकासह भाड्याने मिळतात.

चाकांवरचे बिऱ्हाड आपल्या भागाला नवे नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्याच जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे भांडीकुंडी, पोरेबाळे गाडीत घालून ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. कुठे जावयाचे, हे त्यांना मुकादम सांगतो. आपल्याला मात्र जागा निवडता येते. ही मोठी चैन आहे, आणि चैन करणाऱ्याने थोडा विचार करूनच निवड करावी, असे मला वाटते.

आमच्या घरी हा विचार करणे भागच होते. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सासूबाईंना उन्हाचा फार त्रास झाला. दोन दिवस सलाईन लावावे लागले. मे महिन्यात त्यांना दुपारच्या उन्हापासून जपा, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. हॉटेलचे अन्न त्यांना चालत नाही आणि परक्या ठिकाणचे जिने चढवत नाहीत. म्हणून फिरत्या घराची कल्पना निघाली. मुलगा म्हणाला कोकणात जाऊ. यजमान म्हणाले महाबळेश्वरला जाऊ. शेवटी जागा ठरविण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मी एका वहीत चार प्रश्न लिहून काढले.

पहिला प्रश्न, तेथली रात्र कशी असते? दुपार कुठेही झाडाखाली काढता येते. परंतु पत्र्याची गाडी दिवसभर तापते आणि तिच्यात झोपावयाचे असते रात्री. उन्हाळ्यात उत्तरेकडे जाण्याचा अमेरिकेतला नियम येथे उपयोगाचा नाही. आपल्याकडून उत्तरेस निघालो तर हिमालय येईपर्यंत ऊन वाढतच जाते. आपल्याला थंडावा मिळतो तो पश्चिमेस आणि उंचावर. हजार मीटर वर चढले की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. आता आपले धाराशिवच बालाघाटाच्या पठारावर, साडेसहाशे मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे चारपाचशे मीटर उंचीच्या गावी जाऊन आपल्याला उंचीचा काहीच लाभ नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांच्या घरात आहे, तेथे चारपाच अंश निश्चित कमी.

आणि नुसता पारा पाहून भागत नाही. रत्नागिरीकडे मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीस अंशांवर असतो. आपल्या चाळीस अंशांपुढे ते सुख वाटेल. पण समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. रात्रीही तेच. मग वातानुकूलन यंत्र लावावे लागते आणि त्याला वीज लागते. येथे एक गोष्ट जीवावरची आहे, ती कानात धरून ठेवा. विजेसाठी गाडीचे इंजिन किंवा जनित्र चालू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नये. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे अशाच उभ्या गाडीत दोन माणसे दगावली. जनित्राचा विषारी धूर आत शिरला होता. त्या वायूला वास नसतो. झोपलेले माणूस जागे होत नाही.

दुसरा प्रश्न, आपण पाणी कोणाचे घेणार? भगिनींनो, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या बाईला कदाचित सुचणार नाही. आपल्याला सुचलाच पाहिजे. टँकरपुढे घागरींची रांग लावून आपण कित्येक उन्हाळे काढले आहेत. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. या गाडीची टाकी शंभर-सव्वाशे लिटरची. चार माणसांनी कितीही काटकसर केली तरी ती दोन दिवसांत रिकामी होते. मग ती भरावयाची कुठून? ज्या गावात बाया दीड मैलावरून हंडा आणतात, त्या गावच्या नळाला आपली नळी लावावयाची काय?

थंड हवेच्या ठिकाणी पाणी मुबलक असेल अशी आपली समजूत असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु वरचा जांभा दगड सच्छिद्र आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी खोऱ्यात निघून जाते आणि आजूबाजूच्या वाड्यांचे झरे उन्हाळ्यात आटतात. मेळघाटात चिखलदऱ्याच्या परिसरातील काही गावांनाही टँकरने पाणी पुरवावे लागते. तेव्हा गाडी नेण्याआधी तेथे दूरध्वनी करून विचारावे, पाणी विकत कुठे मिळते आणि ते कोठून येते. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर ती जागा सोडून द्यावी, मग ती कितीही रम्य असो.

तिसरा प्रश्न, गाडी रात्री उभी कुठे राहील, आणि सकाळी संडासाची टाकी कुठे रिकामी करावयाची? नदीकाठी, माळावर, अभयारण्यात वाटेल तिथे गाडी लावून राहता येत नाही आणि राहूही नये. माथेरानला तर दस्तुरी नाक्यापुढे बाहेरच्या मोटारी नेऊच देत नाहीत. जेथे आवार आहे, दिवा आहे, राखण आहे आणि मैल्याची योग्य सोय आहे, तेथेच मुक्काम करावा. टाकी ओढ्यात सोडणे म्हणजे खालच्या गावाच्या पाणवठ्यात घाण करणे होय. तसेच आपल्या चालकाची निजण्याची सोय काय, हेही आधीच ठरवावे. दिवसभर घाट चढविणारा मनुष्य रात्री सीटवर वाकडातिकडा निजला तर दुसऱ्या दिवशी आपलाच जीव धोक्यात.

चौथा प्रश्न मी वहीत सर्वांत शेवटी लिहिला, पण तो शेवटचा नव्हे. घरातल्या बाईला सुट्टी मिळते काय? आपला उन्हाळा म्हणजे पापड, कुरडया, शेवया, वर्षाचे तिखट, लोणची, आणि माहेरपणाला आलेल्या लेकी-नातवंडांचे आदरातिथ्य. शाळा-कचेऱ्यांना सुट्टी असते, चुलीला नसते. फिरत्या घरात शेगडी बरोबर असते, हा तिचा गुण आणि तोच तिचा धोका. दोन हातांच्या जागेत चार माणसांचा तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक करावयाचा असेल तर आपले स्वयंपाकघर काय वाईट आहे? म्हणून मी निघण्यापूर्वीच सांगून टाकले, गाडीत चहा, दूध आणि सासूबाईंची मुगाची खिचडी एवढेच शिजेल. बाकी दशम्या, चटणी आणि बाहेरचे जेवण. आणि भांडी पुरुष मंडळी घासतील. मुलाने मान हलवली. यजमान काही बोलले नाहीत. मी ते मौन होकार म्हणून धरले.

या चार प्रश्नांवर मी जागा घासून पाहिल्या. कोकण पहिल्याच प्रश्नाला गळले. चिखलदरा उंच खरे, हजार मीटरांहून अधिक. परंतु वाटेत अकोला-अमरावतीकडचे ऊन, ते सासूबाईंना सोसवले नसते. महाबळेश्वरची रात्र उत्तम. पण मे महिन्यातली तेथली गर्दी, गाड्यांच्या रांगा आणि पाण्याचा प्रश्न पाहून मी ते मागे ठेवले. आणि आमच्या वहीत पुढे आला तो पन्हाळा.

पन्हाळ्याची उंची साडेनऊशे मीटरांच्या आसपास, म्हणजे उंचीने आपल्यापेक्षा दोनच अंशांचा फरक. पण सह्याद्री जवळ असल्यामुळे संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, आणि मे महिन्यात मधूनमधून वळवाची सर येऊन जाते. पायथ्याला कोल्हापूर, तेथे मोठी रुग्णालये. वय झालेले माणूस बरोबर असताना हे विसरून चालत नाही. टाकी आम्ही शहरातच पैसे देऊन भरून घेत होतो, गडावर कोणाच्या नळाला हात लावला नाही. मुक्काम एका उपाहारगृहाच्या आवारात, रात्रीचे भाडे आधी ठरवून. वीज, राखण, संडासाची व्यवस्था आणि चालकाला खोली, हे सारे त्यातच.

येथून पहाटे चारला निघालो. सोलापूर, सांगोला, मिरज या मार्गाने सुमारे तीनशे किलोमीटर. ऊन चढण्यापूर्वी निम्म्याहून अधिक वाट सरली होती. पन्हाळ्याला शिवाजीमहाराज १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते आणि आषाढातल्या पावसाळी रात्री निसटले, हे आपण शाळेत शिकलो. कवी मोरोपंत १७२९ साली तेथेच जन्मले. २०२५ साली हा गड महाराजांच्या इतर गडांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. तीन दरवाजा, अंबरखान्याची धान्याची कोठारे, अंधारबाव ही तीन मजली विहीर, सारे सावकाश पाहता येते. सासूबाई रोज संध्याकाळी तटापाशी खुर्ची टाकून बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून पांघरूण मागितले. मे महिन्यात त्यांनी पांघरूण मागावे, यातच मला सगळे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. परतण्यापूर्वी कोल्हापुरी अंबाबाईची ओटी भरली. आपल्या तुळजाभवानीच्या मुलखातल्या बाईने ती चुकविली असती तर घरी कोणी क्षमा केली नसती!

सर्वांनी पन्हाळ्यालाच जावे असे माझे म्हणणे नाही. सगळे तिकडे लोटलो तर तेथलाही थंडावा आणि पाणी आपणच संपवू. ज्याच्या घरी लहान मुले, त्याची निवड वेगळी. ज्याला दमा, त्याची वेगळी. आणि हेही स्पष्ट सांगते, या गाडीचे भाडे स्वस्त नाही. आम्ही दोन वर्षे साठवून ते दिले. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी हिरमुसू नये. भावाच्या शेतातल्या आमराईत आठ दिवस बिऱ्हाड टाकले, विहिरीला पाणी असले, रात्री उघड्यावर खाट टाकता आली आणि स्वयंपाकाची पाळी सर्वांनी वाटून घेतली, तर माझ्या चारही प्रश्नांना तेथे उत्तर आहे.

शेवटी एक विनंती. मंडळाच्या कपाटात एक कोरी वही ठेवावी. जी भगिनी उन्हाळ्यात कुठेही जाऊन येईल तिने त्या वहीत एक पान लिहावे. रात्र कशी होती, पाणी कोठून घेतले, मुक्काम कुठे केला, आणि तिला स्वतःला विश्रांती मिळाली काय. पाचदहा वर्षांनी ती वही कोणत्याही छापील मार्गदर्शिकेपेक्षा आपल्या मुली-सुनांच्या अधिक उपयोगी पडेल. पहिले पान मी आजच लिहून आणले आहे. ते कार्यवाह बाईंच्या स्वाधीन करते.