शिक्षकाचे प्रमाणपत्र आणि राज्याची सीमा
(हेब्बाळ, बंगळूर येथील अभ्यासवर्गातील भाषण)



हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली सकाळी सात वाजता उभे राहिले, तर या शहराचे अर्धे अर्थकारण डोळ्यांसमोरून जाते. बळ्ळारी रस्त्याने विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारी, मान्यता टेक पार्ककडे निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या. त्या पिवळ्या बसगाड्यांत मुलांबरोबर शिक्षिकाही बसलेल्या असतात. त्यांत कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नागपूर येथून आलेल्या मराठी भगिनी आहेत. पतीची बदली वायुदलाच्या येथील प्रशिक्षण मुख्यालयात झाली, किंवा त्याला एखाद्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून बी.एड.ची पदवी, काही वर्षांचा अनुभव आणि महाराष्ट्राचे पात्रता प्रमाणपत्र घेऊन त्या येथे येतात. येथे आल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की कालपर्यंत जी शिक्षिका होती ती आज शिक्षिका आहे की नाही.

हा प्रश्न केवळ हेब्बाळचा नाही. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील मराठी भाषक सभासदांनाही तो भेटतो. म्हणून त्याचा विचार वैयक्तिक अडचण म्हणून न करता कामगारवर्गीय दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

प्रथम इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. मुंबई राज्यातील बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार आणि हैदराबाद संस्थानाच्या जागी आलेल्या राज्यातील बिदर हे प्रदेश म्हैसूर राज्यात गेले. सरकारी सेवेतील हजारो माणसे एका रात्रीत दुसऱ्या राज्याची नोकर झाली. त्यांनी घर सोडले नव्हते. राज्यच त्यांच्या दारावरून पुढे सरकले होते. त्या वेळी पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमाने त्यांना हमी दिली, की केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीखेरीज त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या अहिताच्या रीतीने बदलता येणार नाहीत. याचा अर्थ असा, की सीमा बदलली तरी नोकराचा हक्क टिकविता येतो, हे या देशाच्या संसदेने एकदा मान्य केले आहे. आज जेव्हा सीमा स्थिर राहते आणि माणूस सरकतो, तेव्हा मात्र त्याला अशी कोणतीही हमी नाही.

आज कायद्याची स्थिती काय आहे? शिक्षक-शिक्षणाविषयीचा 1993 चा कायदा अखिल भारतीय आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने मान्यता दिलेल्या महाविद्यालयाची बी.एड. किंवा डी.एल.एड. कोल्हापूरची असो वा कलबुर्गीची, ती सर्व देशात पदवी व पदविकाच राहते. कोणी मध्यस्थ “येथे पुन्हा बी.एड. करावे लागेल” असे सांगून पैसे मागू लागला, तर त्याला दाराबाहेर काढावे. मात्र 11 ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ग्राह्य राहिलेली नाही, तेथे डी.एल.एड. हवे. हा नियम सर्व राज्यांना सारखाच लागू आहे.

दुसरी पायरी पात्रता परीक्षेची. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला आणि त्यानुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकास पात्रता परीक्षा आवश्यक झाली. 150 गुणांची ही परीक्षा आहे आणि 60 टक्के गुण ही उत्तीर्णतेची सर्वसाधारण मर्यादा आहे. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षे टिकत असे. 2021 साली केंद्राने ते आजीवन केले, आणि तेही 2011 पासूनच्या प्रमाणपत्रांना. परंतु राज्याची परीक्षा त्या राज्याच्या शाळांसाठी असते. दुसऱ्या राज्याचे प्रमाणपत्र मानावयाचे की नाही हे त्या राज्याचे भरतीनियम ठरवितात. केंद्रीय परीक्षा मात्र केंद्रीय व नवोदय विद्यालयांत सर्वत्र चालते, आणि तिच्या भाषाविषयांत मराठी व कन्नड दोन्ही आहेत. बदलीच्या नोकरीत असलेल्या कुटुंबातील शिक्षिकेने राज्याच्या परीक्षेबरोबर केंद्रीय परीक्षाही द्यावी, हाच यातील व्यावहारिक बोध. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील जुन्या शिक्षकांनाही, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असल्यास, दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्याचे बंधन घातले. तो खटला महाराष्ट्रातूनच गेला होता. तेव्हा या परीक्षेकडे पाठ फिरविण्यात कोणाचेही हित नाही.

तिसरी अट भाषेची. या ठिकाणी आपल्याच माणसांची दिशाभूल सर्वांत अधिक होते. “कन्नड येत नाही म्हणून मराठी शिक्षिकेला डावलले,” अशी तक्रार कानी येते आणि तिला लगेच सीमातंट्याचा रंग चढतो. कोणी तर शहाजीराजांना 1638 नंतर बंगळूरची जहागीर होती, याची आठवण करून देतो. परंतु जहागिरीच्या आठवणीवर तिसरीचा वर्ग घेता येत नाही. याच हेब्बाळमध्ये गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातील, सुमारे इ.स. 750 चा किट्टय्याचा कन्नड शिलालेख सापडला आहे. या मातीत कन्नड लिहिली जाऊ लागून साडेबारा शतके झाली. सरकारी शाळेत येणारे मूल मजुराचे, भाजीवालीचे, उत्तर कर्नाटकातून बांधकामावर आलेल्या गवंड्याचे असते. त्याला त्याच्या भाषेत शिकविणारा शिक्षक मिळणे हा त्याचा हक्क आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कम्युनिस्टांनी जी मागणी केली, ती राज्यकारभार व शिक्षण जनतेच्या भाषेत व्हावे अशीच होती. जे तत्त्व मुंबईत न्याय्य, ते बंगळुरात अन्याय्य ठरू शकत नाही. कर्नाटकाने 2015 साली शाळांत कन्नड शिकविण्याचा कायदा केला. महाराष्ट्राने 2020 साली मराठीसाठी तसाच कायदा केला. आणि घटनेच्या 350-अ कलमान्वये बेळगाव-बिदरच्या मराठी मुलास प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळाले पाहिजे, ही मागणी ज्याला करावयाची आहे, त्याने हेब्बाळच्या कन्नड मुलाचा तोच हक्क आधी मान्य केला पाहिजे.

चौथी अडचण अधिक कठोर आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. घटनेच्या 16 व्या कलमानुसार सरकारी नोकरीस रहिवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील मुलकी अट याच आधारावर रद्द केली. 371-ज कलमाने कल्याण कर्नाटकातील स्थानिकांसाठी राखीव जागांची तरतूद झाली, ती घटनादुरुस्ती करूनच. म्हणजे रहिवासावरून सरसकट दार बंद करता येत नाही. परंतु अनुसूचित जातीची शिक्षिका महाराष्ट्र सोडून येते, तेव्हा राज्याच्या सेवेतील तिचे आरक्षण सीमेवरच राहते. 1990 च्या व त्यानंतर 2018 च्या निर्णयांनी ही स्थिती पक्की केली आहे. केंद्रीय नोकरीत तिचे प्रमाणपत्र चालते. राज्याच्या शाळेत ती खुल्या गटात मोजली जाते. जातीचा जाच मात्र घर भाड्याने घेताना याही शहरात तिच्या मागोमाग येतो. स्थानिक दलितांच्या वाट्याच्या जागा कमी करून हा प्रश्न सोडवावयाचा नाही. रिकाम्या जागा भरणे आणि अतिथी शिक्षकांच्या हंगामी नेमणुका बंद करून कायम पदे निर्माण करणे, हाच दोघींनाही सामावणारा मार्ग आहे.

सरकारी दार असे अरुंद असल्यामुळे बहुसंख्य शिक्षिका खाजगी विनाअनुदानित शाळांत जातात, आणि येथेच खरी गोम आहे. पात्रता परीक्षेची अट या शाळांनाही लागू आहे. तरीही अनेक संस्था ती विचारीत नाहीत. कारण उघड आहे. जिचे प्रमाणपत्र अपुरे, भाषा परकी आणि माहेर दूर, ती कमी वेतनावर राबते आणि बोलत नाही. संस्थेला जे उणे हवे असते, तेच ती मुलाखतीत शिक्षिकेचा दोष म्हणून दाखविते. 1988 साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक हा कामगार नव्हे. 2004 साली ग्रॅच्युइटीही नाकारली गेली. ती संसदेने 2009 च्या दुरुस्तीने 3 एप्रिल 1997 पासून लागू केली, आणि 2022 साली न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. संसदेला कायदा बदलणे भाग पडू शकते, याचा हा पुरावा आहे. महाराष्ट्रातील शिक्षिकेला 1977 चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा व शाळा न्यायाधिकरण ठाऊक असते. कर्नाटकाच्या 1983 च्या शिक्षण कायद्यातही बडतर्फीविरुद्ध अपिलाची तरतूद आहे. परंतु नेमणुकीचे पत्रच हाती नसेल, तर अपील कशाच्या आधारे करणार?

म्हणून सभासदांपुढील कामे स्पष्ट आहेत. नव्याने आलेल्या प्रत्येक शिक्षिकेची कागदपत्रे तपासून द्यावीत. पदवीवर माहेरचे नाव आणि आधारपत्रावर सासरचे नाव असेल, तर त्याचा पुरावा प्रथम तयार करावा. नेमणुकीचे पत्र आणि बँकेतून वेतन यांचा आग्रह प्रत्येकीने धरावा. मराठी कुटुंबांच्या वस्तीत कन्नडचे वर्ग सुरू करावेत आणि ते कन्नड शिक्षकांनीच घ्यावेत. अण्णा आणि अक्का या हाका ज्या दोन भाषांत सारख्याच मारल्या जातात, त्यांच्यातील अंतर एका वर्षाच्या अभ्यासाने पुष्कळ कमी होते. आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची: मराठी शिक्षिकांची वेगळी संघटना काढू नये. शेजारच्या वर्गावर शिकविणारी कन्नड, तेलुगू, तमिळ शिक्षिका त्याच तुटपुंज्या वेतनावर सही करते. तिच्याबरोबर एका संघटनेत बसल्याखेरीज यांपैकी एकही मागणी संस्थाचालकाच्या टेबलापर्यंत पोहोचणार नाही.