कैऱ्या उतरवल्यानंतर

(चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



आजच्या वाटल्या डाळीतली आणि पन्ह्यातली कैरी आपल्या पंपाजवळच्या झाडाची आहे. हे झाड पुढच्या वर्षापासून ठेक्याने द्यावे आणि येणारे पैसे सोसायटीच्या खात्यात जमा करावेत, असा विषय वार्षिक सभेपुढे येणार आहे. मत देण्याआधी एवढ्या कैऱ्यांचं आपण काय करतो, ते नव्याने राहायला आलेल्यांनाही माहीत असावं, म्हणून चार शब्द बोलते.

माणूस एकदा झाडावर चढला की दोन-तीन पोती कैऱ्या एकदमच खाली येतात. पहिलं काम निवडण्याचं. आपटून पिचलेल्या कैऱ्या लोणच्यात गेल्या तर बरणी नासते, म्हणून त्यांची त्याच दिवशी डाळ, तक्कू, नाहीतर पन्हं. बाठ न धरलेल्या कोवळ्या कैऱ्यांचा मेथांबा. बाठ धरलेल्या, घट्ट आणि आंबट, त्या लोणच्याला. आतून पिवळसर झालेल्यांचा साखरांबा आणि गुळांबा. उरतील त्यांच्या फोडी मीठ लावून गच्चीवर वाळवल्या की आंबोशी तयार. पावसाळ्यात आमटीला उपयोगी पडते.

लोणच्याला किलोभर फोडींना दीड-दोनशे ग्रॅम मीठ लागतं. हल्ली मीठ कमी करायची पद्धत आहे, पण इथे ती चालत नाही. मिठामुळेच फोडीतलं पाणी सुटतं आणि लोणचं टिकतं. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करायचं आणि फोडी बुडतील इतकं घालायचं. वर राहिलेल्या फोडीला हवा लागते आणि बुरशी तिथूनच धरते. कैरी, बरणी, हात, डाव, सगळं कोरडं हवं.

आता हे एका घराने करायचं म्हटलं तर निम्म्या कैऱ्या पिकून जातील. बाठीसकट फोडी करायचा मोठा अडकित्ता अख्ख्या सोसायटीत एकच. देठाच्या चिकाने कातडी भाजते, म्हणून धुण्याचं काम मोठ्यांकडे. बरण्या पुसायला मुलं. किसायला एक घर, पाकाला दुसरं. साखरांब्याचा पाक नेमका कधी उतरवायचा, हे आपल्याकडे दोन-तीन आज्यांनाच अचूक कळतं. ते कुठे लिहिलेलं नाही. शेजारी उभं राहून बघितलं तरच शिकता येतं, आणि बघायला वर्षातून एकदाच मिळतं.

ठेक्याचे पैसे येतील, नाही असं नाही. पण झाड दिलं की हा दिवसही गेला. दाराला दार लागून राहणारी माणसं त्या दिवशी एका परातीभोवती बसतात. आपल्या सोसायटीच्या नावात 'सहकारी' हा शब्द आहे, तो मला तिथे खरा वाटतो.

खात्यात भर हवी असेल तर माझी सूचना अशी : घरटी एक बरणी वाटून उरलेलं लोणचं मंडळ सभासदांना विकेल आणि पै-पैचा हिशेब सभेपुढे ठेवेल. एक वर्ष करून बघू. नाहीच जमलं, तर ठेका पुढच्या वर्षीही देता येईल.