बंदुकीचे खरे माप



जुनी लष्करी रायफल दिसली की लोक म्हणतात, ‘थ्री नॉट थ्री!’ आम्ही कामगार मंडळी नावापेक्षा मापावर विश्वास ठेवतो.

१८५७ नंतर इंग्रजांनी देशी शिपायांना बिनआट्यांच्या बंदुका दिल्या. तीच रीत पुढे इशापूरच्या कारखान्यात चालली. .३०३ इंची नळी .४१० इंच रुंद केली, आटे काढले, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. पोलिसांना एकबारी बंदूक मिळाली. कोणी पळवली तरी लष्करी काडतूस तिच्यात कामाचे नाही. हुकूम अविश्वासाचा, हात मात्र कामगाराचा!

म्हणून बंदूक रिकामी करा, बोल्ट काढा, नळीतून उजेडाकडे पाहा. आटे नसतील तर ती थ्री नॉट थ्री नव्हे. नेमके माप मात्र जाणत्या कारागिराकडूनच घ्या. काडतूस आत बसले म्हणजे जुळले असे नव्हे. चुकले तर हात डागणाऱ्याचाच जातो.