मुलाच्या मनाची उभारी

हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांची वाटचाल एमी वर्नर या विदुषीने सहकाऱ्यांसह कित्येक दशके नोंदून ठेवली. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे मनोविकार असे अनेक भोग एकदमच आले होते. या मुलांपैकी बहुतेक जण पुढे अभ्यासात वा वर्तनात अडखळले, यात नवल नाही. नवल आहे ते सावरलेल्यांचे. दर तीन मुलांमागे एक मूल कर्तबगार व समाधानी निघाले. त्यांच्या ठायी मूळचे काही गुण होतेच. पण बहुतेकांना कोणा एका प्रौढाचा अखंड जिव्हाळाही लाभला होता. कोठे ती आजी होती, कोठे शेजारीण, आणि पुष्कळदा शाळेतील शिक्षक.

‘मन घट्ट कर’ असे आपण मुलाला सहज सांगून मोकळे होतो. परंतु ही उभारी आधी दुसऱ्याकडून उसनी मिळावी लागते.

शाळेत समुपदेशक हवाच. मूल जिवाविषयी निराशेचे बोल बोलू लागले, तर तज्ज्ञाला गाठण्यास क्षणाचाही विलंब नको. त्यासाठी २०२२ साली शासनाने ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवाही सुरू केली. पण मुलाला रोज पाहतो तो वर्गशिक्षक. गणिताच्या तासालाच कोणाचे पोट दुखते, डबा न उघडता कोण परत नेतो, हे त्याच्याच दृष्टीस पडते. वडिलांच्या बदलीमुळे नागपूरहून चेन्नईस गेलेले मराठी मूल महिनामहिना बोलत नाही. त्याला मंद ठरविणे फार सोपे असते! अशा मुलाला भर वर्गात ‘काय झाले रे?’ असे विचारणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे होय. त्यापेक्षा त्याला फळ्यावर तारीख लिहावयास सांगावी, कुंड्यांना पाणी घालताना सोबत घ्यावे. बोलणे मग आपोआप निघते, किंवा निघतही नाही, तरी चालते.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला. कमी गुणांवरून चारचौघांत केलेला उपहास मी त्यातच गणतो. त्याच कायद्याने प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. साठ मुलांच्या वर्गात जिव्हाळ्याची अपेक्षा एकट्या शिक्षकावर लादणे अन्यायाचे आहे.

म्हणून एक साधा उपाय सुचवितो. सत्राच्या आरंभी शिक्षकांच्या खोलीत सर्व मुलांची नावे भिंतीवर लावावीत. ज्या मुलाविषयी नाव व गुण यांपलीकडे आपणास काही ठाऊक आहे, त्याच्या नावापुढे प्रत्येकाने खूण करावी. शिपाईमामांनाही बोलवावे, त्यांना पुष्कळ ठाऊक असते. ज्या नावांपुढे एकही खूण उमटणार नाही, ती नावे त्याच दिवशी आपसांत वाटून घ्यावीत.