वीटभिंतीच्या दरजा भरताना

वीटकामात दोन विटांमधल्या सांध्याला दरज म्हणतात. पुण्याच्या शनिवारवाड्याचा तट, ज्याचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे, किंवा पेठांमधून अजून तग धरून असलेले जुने वाडे, यांच्या दरजा चुन्याच्या आहेत. पोर्टलंड सिमेंटचे पेटंटच मुळी इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले गेले आणि शनिवारवाडा त्याआधी सुमारे शतकभर, १७३२ मध्ये, बांधून झाला होता. अशा भिंतींच्या दरजा पावसाने धुपल्या की त्या सिमेंटने बुजवल्या जातात, आणि जुन्या वीटकामाची खरी हानी तेथून सुरू होते.

भिंत जमिनीतली आणि पावसाची ओल शोषते. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ व सच्छिद्र असल्यामुळे ही ओल तिच्यातून बाहेर पडते, ओलीबरोबर आलेले क्षार तिच्यातच साठतात आणि झीज तिच्या वाट्याला येते. सिमेंटने ही वाट बंद झाली की ओल विटेतून निघते, क्षारांचे स्फटिक विटेच्या दर्शनी पृष्ठामागे धरतात आणि त्यांच्या दाबाने विटेचे पापुद्रे सुटू लागतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. मग दरजेची कडक चौकट शाबूत राहते आणि तिच्यामधली वीट खड्ड्यासारखी आत जाते. दरज पुन्हा भरता येते, परंतु जुन्या मापाची पातळ वीट आज सहजी मिळत नाही, म्हणून झिजायचेच असेल तर दरजेने झिजावे, हा न्याय गवंड्याने सोडू नये.

सैल झालेला जुना माल हातोडी व छिन्नीनेच काढावा, कारण कटर यंत्राने विटेच्या कडा उडतात आणि त्या पुन्हा जोडता येत नाहीत. दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत ती कोरून, ब्रशने धूळ झाडून, भिंत पाण्याने नीट भिजवावी. कोरडी वीट नव्या मालातले पाणी ओढून घेते. माल विरवलेला चुना, वाळू आणि भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, यांचा असावा. तो पातळ थरांत दाबून भरावा आणि विटेच्या कडा झिजून गोलावल्या असतील तर किंचित आत ठेवावा, म्हणजे तो विटेच्या तोंडावर पसरत नाही. असे काम चौरस फुटाच्या दराने ठरवले की घाई ओघानेच येते. ते रोजंदारीने देणे अधिक बरे.

चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो आणि तोवर त्याला ओलावा लागतो. त्यामुळे पावसाळ्यात मुरलेली ओल उतरल्यावर, दिवाळीनंतरच्या महिन्यांत, हे काम हाती घ्यावे आणि भरलेल्या दरजांवर ओली गोणपाटे बांधावीत. वैशाखातल्या उन्हात उघडा ठेवलेला माल नुसता वाळतो, घट्ट होत नाही, आणि पहिल्याच पावसात भुगा होऊन गळतो.