‘लोगोस’ला मराठी शब्द

सावेडीतल्या एका ख्रिस्ती स्नेह्यांना नाताळच्या उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचायचा होता. मूळ ग्रीक ‘लोगोस’साठी मराठी बायबलात ‘शब्द’ आहे. एवढ्याने भागते का, असे त्यांनी मला विचारले.

पुरते भागत नाही. लोगोस म्हणजे बोलणे. तसाच हिशेब, कारण, विवेकही. ख्रिस्तापूर्वी सुमारे 500 वर्षे इफिससच्या हेराक्लायटसने विश्वातल्या बदलांमागच्या सूत्राला हे नाव दिले. स्टोइकांनी त्याला चराचरात भिनलेली बुद्धी मानले. योहान मात्र म्हणतो, हा लोगोस माणूस झाला. म्हणजे तत्त्वाला भूक, तहान आणि मरण आले! ग्रीक पंडितांना हे पचणे कठीणच.

आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी ग्रंथारंभी गणेशाला शब्दब्रह्माच्या रूपात पाहिले. तो गणेश योहानाचा ख्रिस्त नव्हे, उगाच सांधेजोड नको. पण त्यामुळे ‘शब्द’ म्हटल्यावर मराठी कानाला नुसती अक्षरे ऐकू येत नाहीत. शिवाय आपण एकमेकांना शब्द देतो, तो पाळायचा असतो. हेराक्लायटसच्या सूत्राने कुणाला वचन दिलेले नाही.

स्नेही म्हणाले, “मग ‘शब्द’च वाचतो. जरा सावकाश.”